जंगूबाईच्या गावाचं नाव

या, जरा जवळ सरकून बसा. तुमच्यावर माझा राग आहे, तो आधी काढते. जंगूबाईच्या शोकसभेला अहेरीत तुम्ही होता ना? पुढच्या खुर्च्यांवर बसून हसलात ना? मग आता ऐका.

जंगूबाई गेली ती थंडी सरता सरता. तिची नात सुनीता सांगायला दारात आली, तेव्हा मी विहिरीवर पाणी ओढत होते... तेही जंगूबाईनंच वळलेल्या दोरानं. पळसाची मुळं ठेचायची, धुवायची, त्यातला वाक, म्हणजे चिवट धागा, काढून दोर वळायचा, हे तिचं काम. आठवडी बाजारात माझा मिरची-लसणाचा पसारा आणि शेजारी तिचे दोर, अशी आमची सारी उमर गेली. मी बौद्धाघरची, ती गोंडाघरची, पण भाकर एका फडक्यावर.

तिचं गाव इरुकनार. गोंडीत इरुक म्हणजे मोह आणि नार म्हणजे गाव. मोहाचं गाव, इतकं सरळ. पण आपल्या मराठीत नार म्हणजे बाई, संस्कृतातून आलेली, म्हणून बाजारातले टवाळ तिच्या गावच्या पोरींना नावावरून छेडायचे. आणि सिरोंच्याकडून येणारी पोचक्का होती तेलुगू बोलणारी. ती दोर हातात घेऊन पीळ उकलून बघायची आणि म्हणायची, नारा चांगला आहे. तिच्याकडे झाडाच्या वाकाला नारा म्हणतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा जंगूबाई पोट धरून हसली. म्हणाली, "पाय वं, हे बाई माह्या गावाले पिळून पाहून राह्यली." मी विचारलं, हे तिन्ही शब्द एकाच घरचे असतील काय? तिनं भाजीवाल्यांच्या रांगेकडे बोट केलं. "तथी तीन सुमनबाई बसल्या हायेत. एका मायच्या हायेत काय?"

तिच्या लोकांत रीत अशी, की पाहुणा आला की आधी पाणी, मग कोणतं गाव ते विचारायचं, आणि माणसाचं नाव सगळ्यांत शेवटी. त्यामुळे कितीही टवाळी झाली तरी ती गावाचं नाव पूर्ण घ्यायची. सुनीताला मात्र अहेरीच्या वसतिगृहात ते नाव सांगणं जड जाऊ लागलं होतं, आणि म्हातारीला मरेपर्यंत तोच एक घोर होता.

आणि बाजारवाल्यांनी ठेवलेल्या त्या शोकसभेत काय झालं? शहरातून आलेले वक्ते उभे राहिले आणि सांगू लागले, की या गावी पूर्वी एक देखणी नार राहत होती, मोठमोठे लोक तिच्यासाठी जंगल तुडवत यायचे, म्हणून हे नाव पडलं. मेलेल्या बाईच्या फोटोसमोर हे! आणि तुम्ही हसलात. कशावरून, एवढंही एकानं विचारलं नाही. आपल्या बोलीतल्यासारखा शब्द दिसला की दुसऱ्याच्या घरात शिरून आपली पाटी ठोकायची, ही कुठली विद्या? तुमच्या आईच्या गावाबद्दल असं कोणी बोललं असतं तर बसला असता का खुर्चीत? पुढं सुनीताला माइकवर बोलावलं, ओळख सांगायला. ती म्हणाली, "मी अहेरीची." तिची मान खाली होती... आणि ती आजीच्या दुःखानं नव्हती.

परवा ती माझ्याकडे आली. मी पाणी ओढलं, लोटा दिला आणि जन्मापासून ओळखते त्या पोरीला विचारलं, "कोनतं गाव, बाई?"

तिनं लोटा खाली ठेवला. "आजी, तुमाले मालूम हाये ना."

"मले हाये. तू सांग."

"इरुकनार," ती विहिरीत बघून पुटपुटली. मी म्हटलं, ऐकू नाई आलं. मग तिनं असं ठणकावून सांगितलं, की शेजारीण कुंपणावरून डोकावली.

दोर अजून पक्का आहे, रोज हाताला लागतो. मोहाची फुलं पडू लागली की आम्ही वेचायला रानात, त्याआधी एकदा माझ्या घरी या, त्या वक्त्यांनाही संगं आणा. याच दोरानं ओढलेलं पाणी देईन, मग तुमचं गाव विचारीन. आणि सुनीता असेल इथं, तुम्ही तिचं विचारा. पण लवकर या.