मॅन्युअल म्हणजे हाताचा

मी काही लिहावं एवढं मला येत नाही; आमच्या घरातून कॉलेजात आलेला मी पहिलाच, चुकलं तर सांभाळून घ्या. पण एक गोल बटण मनातून जात नाही.

माझे वडील महाबळेश्वरला वायरमन आहेत. एका बंगल्यात फरशीखाली विजेवर गरम होणारी तार त्यांनी पहिल्यांदाच टाकली. खोली मालकांच्या आईंची. त्यांना नीट दिसत नाही आणि गारठ्यानं पाय आखडतात. तिथली ऊब कमी-जास्त करायचा थर्मोस्टॅट मी पुण्याहून पाठवायचा होता. वडिलांचा निरोप होता, “मॅन्युअल बघून घे.”

दुकानदार हसला. “पुस्तक सगळ्यांबरोबरच येतं रे. मॅन्युअल म्हणजे हा हातानं फिरवायचा, आणि हा दुसरा पडद्यावर बोट लावायचा. तुला कुठला हवा?”

वडिलांना पुस्तक म्हणायचं होतं की हाताचा? फोन लागेना. चुकीचा गेला तर त्यांचं पहिलंच काम बिघडणार. मी डोळे मिटून दोन्हींना हात लावला. चकचकीत पडद्यावरून बोट नुसतंच घसरलं. गोल बटणावर मात्र एक उंच खूण लागली. मी तोच घेतला.

इथं आल्यापासून मला चकचकीत तेच हुशार वाटू लागलं होतं. माझे वडील तर अंधारातही बोटांनी चाचपून स्क्रू बसवतात.

आज त्यांचा फोन आला. “म्या पुस्तकच म्हणलं हुतं लेका,” ते हसत होते, “पण बरं झालं चुकलास. आजींनी खूण चाचपून स्वतः बटण फिरवलं. आता अनवाणी बसल्यात.”