बंद घरावरची फुली

आमच्या गल्लीतली चोरी भर दुपारी झाली. अडीच वाजता. मी यवतमाळात एका खासगी पॅथॉलॉजी लॅबमध्ये तंत्रज्ञ आहे. सकाळी सहाला जाते, दोनला घरी येते. नवरा बाभुळगावला तहसील कचेरीत, रोजचं अप-डाउन. मुलगी नागपूरला शिकते. म्हणजे दोन ते सात मी घरात एकटी असते आणि हे पाच तास मला फार आवडायचे. जेवण, एक डुलकी, चहा.

त्या दिवशी समोरच्या घरातली मंडळी राळेगावला तेरवीला गेली होती. घरी फक्त आजी, त्यांना कमी ऐकू येतं. दोन माणसं आत शिरली, त्यांनी आजींना न्हाणीत ढकलून बाहेरून कडी घातली आणि कपाट फोडलं. आजी आतून बादली आपटत राहिल्या. तो आवाज मला येत होता. मी समजले, धुणं चाललंय. कूस बदलून झोपले.

नंतर पोलीस पंचनामा करत असताना कोणीतरी फाटकाच्या खांबाकडे बोट दाखवलं. तिथे पांढऱ्या खडूने फुली काढलेली होती. तळहाताएवढी, दोन रेघांची. कोणी काढली, कधी काढली, कोणालाच माहीत नव्हतं. पण चोर घर हेरून फुली मारून जातात, हे संध्याकाळपर्यंत पूर्ण नगराला माहीत झालं होतं.

आठवड्याभरात ठाणेदारांनी समाजमंदिरात बैठक घेतली. ते पंधरा मिनिटं बोलून गेले. खरं काम केलं ते आमच्या बीटच्या जमादाराने. पन्नाशी उलटलेला, पोट सुटलेला, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला. त्याने प्रत्येक गल्लीतून दोन माणसं निवडली. आमच्या गल्लीच्या तोंडाशी मोटरसायकलचं गॅरेज आहे, तिथला मिस्त्री एक. दुसरी मी. कारण पाठीमागून कोणीतरी म्हणालं, "काकू दुपारी घरीच असतात." मला कोणी विचारलं नाही.

मग त्याने मोबाइलवर ग्रुप काढला आणि नियम सांगितले.

"सुप्रभात टाकाचं नाई. देवाचे फोटो टाकाचे नाई. डोयानं जे दिसन तेवढंच टाकाचं. माणूस कोन हाय, चोर हाय का साव हाय, हे तुमी नका ठरवू. त्याचा पगार आमाले भेटते. आन कोनी सापडला तं हात लावाचा नाई. बसवाचं, पानी द्याचं, मले फोन कराचा."

"च्या बी पाजू का, जमादार साहेब?" मागून एकाने विचारलं.

"पाजा ना. साखर कमी टाका, मंग तोच च्या मी बी पेतो."

सगळे हसले, मीही हसले. घरी आल्यावर जाळीच्या दाराला आतून कुलूप लावलं आणि किल्ली ब्लाउजमध्ये खोचली.

त्यानंतरचा महिना मी नीट झोपले नाही. भीती वाटते असं मी कोणाला सांगितलं नाही, सांगून ती कमी होत नाही. दुपारी पंखा बंद करून बसायची, म्हणजे आवाज कळावा. बादली वाजली की उठायची, मग ती आमच्याच मोलकरणीच्या हातातली का असेना. गॅस बंद आहे का ते बघतो तसं मी दर अर्ध्या तासाने फाटकाचा खांब बघून यायची. कोरा असला की बरं वाटायचं.

पोळ्याच्या आदल्या आठवड्यात, तीनच्या सुमाराला, मी खिडकीच्या पडद्याआडून पाहिलं तर आमच्या शेजारच्या फाटकाशी एक माणूस उभा होता. शेजारी अमरावतीला गेलेले. तिशीचा, काळासावळा, खांद्याला रेक्झिनची पिशवी. त्याने फाटक दोनदा वाजवलं, आत डोकावला, खिशातून खडू काढला आणि खांबावर फुली मारली.

मी मोबाइलवर फोटो काढला, तो व्यवस्थित आला. त्याखाली मी लिहिलं, "हाच तो. गल्ली नंबर तीन. फुल्या मारतो आहे." आणि पाठवून दिलं.

"हाच" हा शब्द मी का लिहिला, याचं उत्तर मला आजही देता येत नाही. रक्ताच्या रिपोर्टमध्ये दिसलं नाही ते लिहायचं नाही, हे मी पंचवीस वर्षं पाळलं आहे.

माझा मेसेज आमच्या ग्रुपवरच राहिला नाही, कोणीतरी तो पुढे पाठवला. पाच मिनिटांत पलीकडच्या नगरातली पोरं मोटरसायकलींवर आली. तोवर तो माणूस माझ्या फाटकाशी पोचला होता. गाड्यांचा आवाज ऐकून तो वळला आणि मी त्याचा चेहरा पाहिला. तो माझ्यापेक्षा जास्त घाबरला होता.

एकाने त्याची पिशवी ओढली. तिच्यातून बॅटरी, एक लांब दांड्याची पळी, औषधाची बाटली आणि स्क्रू काढायचा पेचकस खाली पडला. पेचकस बघितल्यावर गलका झाला. "पाह्य, पाह्य, कुलूप तोडाचं सामान!" पहिली थप्पड बसली. मी तेव्हा काय विचार केला ते मला आठवत नाही. विचार केलाच नसावा. जाळीचं कुलूप काढलं, फाटकाशी धावले, त्याचा दंड धरला, आत ओढला आणि परत कुलूप लावलं. पेचकस त्याने उचलून घेतला होता. कुलूप लावल्यावर मला तो त्याच्या हातात दिसला.

म्हणजे ज्याला मी चोर म्हणून जाहीर केलं होतं, त्याच्याबरोबर मी चार बाय आठच्या पडवीत कोंडून घेतलं होतं. तो, मी आणि उन्हाळ्यापासून तिथेच पडलेला कूलर.

"तो खाली ठेवा," मी म्हणाले. त्याने पेचकस लगेच जमिनीवर ठेवला. मी पायाने तो कूलरखाली सरकवला आणि जमादाराला फोन लावला.

"मी पेशीले आलो हाय कोर्टात. वीस मिन्टं. पानी दिलं काय?"

"नाही."

"द्या. आन कुलूप काढू नका."

पाणी द्यायला स्वयंपाकघरात जायचं म्हणजे त्याच्याकडे पाठ करावी लागणार होती. मी उलटी चालत गेले आणि तांब्या आणला. त्याने तो घाईघाईने तोंडाला लावला, अर्धं पाणी शर्टावर सांडलं.

"कोण तुम्ही?"

"हिवतापचा, बाई."

हिवतापचं ऑफिस मला माहीत आहे, आमच्या लॅबचे डेंग्यूचे रिपोर्ट तिथेच जातात. "ओळखपत्र?"

"भेटलं नाई आजून. रोजंदारीवर हावो. कागद सुपरवायझरपाशी हाय, तो पुढच्या नगरात गेला." त्याने फोन काढला आणि कोणाशी तरी भराभर बोलू लागला. मला त्यातला एकही शब्द कळला नाही. जाळीला तोंड लावून उभ्या पोरांनाही कळला नाही.

"कोनत्या भाषेत बोलून राह्यला बे हा? बाहेरची टोळी हाय!"

"कोलामी हाय," तो माझ्याकडे बघून हळूच म्हणाला. "केळापूरकडचा हावो मी. सुपरवायझर बी आमच्याच पोडावरचा, वस्तीवरचा."

आपल्या जिल्ह्याची भाषा, आणि माझ्या गल्लीत तिच्यावरून माणूस परका ठरत होता. अर्थात तोवर मलाही त्याचा भरवसा नव्हता. तो जमावाकडे न बघता सारखा माझ्या कूलरकडे बघत होता. मला वाटलं, पेचकस शोधतोय.

बाहेर तीस-चाळीस माणसं झाली होती. निम्मी मी कधी पाहिलेली नव्हती. आमच्याच गल्लीतले एक निवृत्त मास्तर जाळीपाशी आले. "काकू, कुलूप काढा. चोराले घरात कायले घेतलं तुमी?"

"जमादार येतोय."

"मेसेज तं तुमचाच होता ना? मंग आता काहून लपवून राह्यल्या?"

मी किल्ली मुठीत घट्ट धरली. कोणीतरी जाळीतून हात घालून त्याची कॉलर पकडली आणि ओढली. त्याचं डोकं लोखंडावर आपटलं. मी ते मनगट धरून नखं रुतवली, तेव्हा हात सुटला. एक दगड कूलरच्या पत्र्यावर येऊन वाजला. तो आवाज अगदी बादलीसारखा होता. मला वाटलं, आता जाळी उचकटतील. उचकटली असती तर या माणसाचा जीव गेला असता, आणि तो माझ्या दोन शब्दांमुळे गेला असता.

तेवढ्यात गॅरेजवाला मिस्त्री गर्दीतून वाट काढत आला. हात ऑइलने काळे, एका हातात पाना. जाळीला पाठ लावून पायरीवर उभा राहिला.

"ताई, आतून कुलूप पक्कं हाय ना?"

"आहे."

"बस. आता कोनी हात नाई लावाचा. भाई, मीटिंगमध्ये तुमीच बसले होते ना? च्या पाजू का म्हनून इचारत होते? आता काय झालं?"

पाना त्याने उगारला नाही, नुसता धरून ठेवला. पण त्याच्याही मानेवरून घाम ओघळत होता, मला पाठीमागून दिसत होता.

जमादार आला तो एकटा, मोटरसायकलवर. मला वाटलं होतं गाडी भरून पोलीस येतील. त्याने गाडी स्टँडवर लावली, चष्मा चढवला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, "मेसेज कोनी टाकला?"

"मी," मी म्हणाले.

"काय पाह्यलं तुमी?"

"एका माणसाने शेजारच्या बंद फाटकावर खडूने फुली काढली. एवढंच पाहिलं."

"चोरी करताना पाह्यलं?"

"नाही."

"मंग 'हाच तो' कोन?"

"ते मी मनाने लिहिलं. चुकलं माझं."

जमादाराने मान हलवली, खिशातून डायरी काढली आणि गर्दीकडे वळला.

"ठीक हाय. आता ज्यानं ज्यानं याले चोरी करताना पाह्यलं, त्यानं पुढं या. नाव, पत्ता, बापाचं नाव. साक्षीले कोर्टात यावं लागन. आन ज्यानं हात लावला त्याचं बी नाव सांगा, ते पान येगळं हाय."

चार मिनिटांत गल्ली रिकामी झाली. मास्तरांना औषध घ्यायची आठवण झाली.

मग सुपरवायझर कागद घेऊन पोचला. डासांच्या अळीची तपासणी चालू होती. घरात कोणी नसेल तर खांबावर फुली, म्हणजे परत यायचं. पेचकस कूलरचे पत्रे उघडायला. समोरच्या घरी आधीच्या फेरीत, चोरीच्या अगोदर, दार वाजवून वाजवून आजींनी उघडलं नव्हतं, म्हणून तिथेही फुली. इतकं साधं होतं ते.

त्या फुलीवाल्याच्या कपाळाला मी हळद लावली, तेव्हा तो पहिल्यांदा नीट बोलला. "बाई, तुमच्या टाकीत अळी हाय." कूलरकडे तो यासाठी बघत होता. मी बॅटरी लावून पाहिलं. पाण्यात वळवळ चालली होती. रोज लोकांच्या रक्तात मी जे शोधते, त्याचं मूळ माझ्या पडवीत वाढत होतं. टाकी मी तिथल्या तिथे उलटी केली.

तक्रार द्यायला तो तयार नव्हता. गल्लीतली सहा घरं उरली होती आणि ती त्याला आजच संपवायची होती. पण फाटकाबाहेर पाऊल टाकेना. जमादार मला म्हणाला, "जा तुमी संगं."

मी गेले. प्रत्येक दार मी वाजवलं, कोण आलंय ते मी सांगितलं. लोकांनी टाक्या दाखवल्या, डोळ्याला डोळा मात्र कोणी भिडवला नाही. शेवटच्या घराला कुलूप होतं. त्याने खिशातून खडू काढला, खांबाकडे पाहिलं, मग खडू माझ्यापुढे धरला.

"बाई, तुमीच काढा."

खरे चोर अजून सापडलेले नव्हते. आजही सापडलेले नाहीत. मी खडू घेतला, फुली काढली, आणि लगेच मागे वळून पाहिलं, कोणत्या खिडकीचा पडदा हलतोय का.