घड्याळ घातलेली लक्ष्मी

टेंभी नाक्यावरच्या आपल्या धान्याच्या दुकानात आनंदकाका शेट्ये नव्या गिऱ्हाइकाला आधी लक्ष्मी दाखवतात, मग तांदूळ. गल्ल्यामागे जुना फोटो आहे: खुर्चीत त्यांचे आजारी वडील, शेजारी तराजू आणि तो धरलेला एक हात. नुसता हात. कोपराशी फोटोच संपतो.

“प्रत्यक्ष लक्ष्मीचा!” काका सांगतात. बायका पिशवी खाली ठेवून हात जोडतात.

यंदा पाडव्याला दुकानाची पंचाहत्तरी. घराण्याच्या जुन्या फोटोंचा फलक करायचं काम माझ्याकडे आलं. मी फलक बनवणारा, मुरबाडच्या शाळेत शिकलेला. आमच्याकडे लक्ष्मी कुणी पाहिलेली नव्हती, म्हणून स्कॅन करून मोठी करून पाहिली.

“काका, लक्ष्मीला घड्याळ कशाला हो? दुकान वेळेवर उघडायला?”

काका हसले नाहीत. गुळाची पुडी बांधत होते, ती सुटली.

“ताई आहे ती,” म्हणाले.

शेट्यांची रीत अशी की पाडव्याला तराजूची पूजा झाली की फोटो काढायचा, आणि दुकान चालवतो त्यानं तराजू धरायचा. वडिलांचं अर्धं अंग लुळं पडलं तेव्हा काका शाळेत होते. दुकान नीरजाताईंनी चालवलं, स्वतःचं लग्न लांबवून. पुढे काका पदवीधर झाले, त्यांना मुलगी सांगून आली.

“पाहुणे दुकान बघायला येणार होते. बहिणीच्या जिवावर चाललंय असं वाटलं असतं रे. मारली कात्री. सासऱ्यांनी विचारलं, हा हात कुणाचा? तोंडातून लक्ष्मी निघून गेलं.”

“ताईंना माहीत आहे?”

“दर भाऊबीजेला दुकानात येते, त्या फोटोसमोर बसून चहा पिते. एक शब्द नाही. चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.”

अख्ख्या फोटोची दुसरी प्रत फक्त ताईंकडे, टिटवाळ्याला. काकांनी मला सोबत ओढलं. स्टेशनवरून रिक्षात दोनदा म्हणाले, “घरी नसेलच ती.”

ताई दारातच होत्या. “ये आनंदा. यंदा भाऊबीज लवकर, आणि माझ्या दारी?”

“ताई, तो फोटो हवा होता. अख्खा.”

“का रे? लक्ष्मीचा हात दुखायला लागला वाटतं.”

फोटो साड्यांच्या घडीत होता. वडील, तराजू, घड्याळ घातलेल्या ताई आणि त्यांच्या पलीकडे हाफपँटीतला एक पोरगा, त्यांचा पदर मुठीत घट्ट धरून.

“मी यात होतो, हेच विसरलो होतो,” काका पुटपुटले.

“मला कापलंस, त्यात तूही गेलास. मला तुला कापायचं झालं असतं तर माझा पदर कापावा लागला असता.”

काकांचा चहा गार झाला. निघताना जेमतेम म्हणाले, “पाडव्याला ये. तराजू तू धर.”

“गुडघे दुखतात माझे. आणि गिऱ्हाइकांना काय सांगणार आहेस, ते आधी ठरव.”

पाडव्याला अख्खा फोटो लागला. ताई आल्या नाहीत. पहिली आली ठमाबाई, जुनं गिऱ्हाईक. पिशवी ठेवली, हात जोडले आणि तशीच थांबली.

“शेठ, लक्ष्मी कुठं गेली?”

मी फलकाची दोरी उगाच घट्ट करत राहिलो.

“टिटवाळ्याला असते,” काका म्हणाले. “बहीण माझी. दुकान तिनं चालवलं. मीच कापली होती तिला.”

“म्हंजे इतकी वर्सं मी तुमच्या ताईच्या पाया पडले?” ठमाबाईनं फोटो नीट निरखला. “आनि तुमी? पडलात का कधी?”

काकांनी फोटोसाठी हातात घेतलेला तराजू खाली ठेवला. ऐन पाडव्याला शटर अर्धं ओढलं आणि चपला शोधायला लागले.