पिवळ्याखालचा करडा

मल्लेश्वरमच्या रेल्वे रुळांपलीकडे गाड्या रंगवणाऱ्यांच्या शेडची एक रांग आहे. तिथं कुणालाही विचारा, उमाकांत पिवळ्या गाड्या का घेत नाही? लोक तोंड गंभीर करून सांगतील, "पिवळा रंग अण्णाच्या हाताला लाभत नाही." का लाभत नाही याच्या कथाही तयार आहेत. एका कथेत उलटलेली रिक्षा आहे, दुसरीत पिवळ्या साडीतली एक बाई आहे. बाईची कथा शेजारच्या शेडमध्ये पत्रा ठोकणाऱ्या कल्लाप्पानं चहा पिता पिता रचली आणि ती उमाकांतच्या बायकोच्या कानावर जाईल अशी सोयही त्यानंच केली.

अनुसूयाबाई खळखळून हसल्या. म्हणाल्या, "ह्यांना आणि बाई? आधी ती ह्यांना दिसायला तर हवी!"

सगळी शेड हसली. उमाकांत तेवढा हसला नाही.

कारण गमतीत म्हटलेलं बायकोचं वाक्य नेमकं वर्मी लागलं होतं. गेल्या एकदोन वर्षांत पांढऱ्यावरचं पिवळं उमाकांतला दिसेनासं झालं होतं. सगळ्या जगावर चहाचा फिका डाग पडल्यासारखा झाला होता. पांढरं त्याला पिवळट दिसे, पिवळंही पिवळटच दिसे, आणि एक कुठं संपतं आणि दुसरं कुठं सुरू होतं ते काही कळेना. काळ्या-निळ्या गाड्यांना त्यानं बिघडत नव्हतं. ते रंग दोन हातांत गाडीचं अंग झाकून मोकळे होतात. पिवळा मात्र महा हट्टी. खाली स्वच्छ पांढरा प्रायमर हवा, वर पातळ पातळ हात हवेत, मधे वाळायला वेळ हवा, आणि प्रत्येक हाताला कुठं पडला, कुठं राहिला हे डोळ्यांनी बघायला हवं. एवढं करूनही खालचं काही लपेलच असं नाही. पिवळ्याच्या पोटात काही राहत नाही, आपल्या कल्लाप्पासारखंच.

घरीही हेच चाललं होतं, फक्त तिथं त्याला हावरटपणा म्हणत. पानात भातावर वरण वाहत असताना हा बाबा विचारी, "अगं, वरण नाही वाढलंस?" अनुसूयाबाई आणखी वाढत. पुन्हा तेच. मुलगी दिव्यश्री लग्न होऊन एचएसआर लेआउटला गेली, तरी फोनवर पहिला प्रश्न हाच, "अप्पांचं वरण पुरलं का गं आज?" उमाकांत हे टोमणे मुकाट गिळी. वरणाचा अधाशी म्हणवून घेणं परवडलं, आंधळा नको.

डॉक्टरकडे का गेला नाही? गेला असता. पण थोरला भाऊ येसाजी मोतीबिंदू काढायला गेला तो एका डोळ्याचा उजेड घालवून परत आला. साखर फार वाढली होती, डॉक्टरांनी आधी औषध घ्यायला सांगितलं होतं आणि येसाजीअण्णानं ते ऐकलं नव्हतं, हे घरात सगळ्यांना ठाऊक. उमाकांतला मात्र भावाच्या डोळ्यावरची पट्टीच आठवे, आणि पट्टी सोडल्यावर भिंतीकडे तोंड करून बसलेला भाऊ. साखर उमाकांतलाही होती. रंगाऱ्याचा डोळा गेला की त्याच्याजवळ उरतं काय? नुसता हात. असल्या हाताला गाडी कोण देणार?

असा हा आपल्याच झाकणाखाली उकळत असताना दसऱ्याच्या आधी व्याही आले. कृष्णमूर्तीराव, दिव्यश्रीचे सासरे. गुडघे बदलून घेतलेले, त्यामुळे चालण्यात नव्या नवरदेवाचा तोरा. मागून ड्रायव्हरच्या हाती त्यांची जुनी फियाट.

"काय राव, ओळखलंत का चाल? बोललो होतो मैलारलिंगाला, की गुडघे नीट झाले तर भंडाऱ्याच्या रंगाची गाडी घेऊन दर्शनाला येईन. आपला खंडोबाच तो, त्याला पिवळंच लागतं."

उमाकांत घाईघाईनं म्हणाला, "पांढरी करू या की, व्याही. झकास दिसेल."

"पांढऱ्या गाड्या भाड्यानं एअरपोर्टला जातात हो. भंडारा कधी पांढरा बघितलात का?"

"नाही म्हणजे... माझ्या हाताला पिवळा..."

"लाभत नाही! ऐकलंय, ऐकलंय. ती बाई कोण ते एकदा सांगा हं आम्हाला." व्याही डोळा मिचकावून हसले. "घरात रंगारी असताना मी बाहेर जाऊ? लोक काय म्हणतील? आयुधपूजेला गाडी न्यायला येतो. सरी?"

मुलीच्या सासऱ्याला नाही कसं म्हणायचं? "सरी," उमाकांत म्हणाला.

मग त्यानं जे केलं ते नवशिक्यानंही केलं नसतं. डब्याच्या झाकणावर पांढरा प्रायमर मारला, त्यावर पिवळा मारला, झाकण उन्हात धरलं. त्याला सगळं एकच. कितीदा तरी तिरपं करून बघितलं. शेवटी झाकण खाली ठेवलं आणि कपाटातून करडा प्रायमर काढला. करड्यावर पिवळं दिसत होतं! रंगाच्या गनचा एकेक फटकारा कुठं गेला ते दिसत होतं. किती दिवसांनी दिसत होतं! पिवळ्याखाली करडा घालू नये, रंग मळतो, हे त्यानंच आजवर ढीगभर पोरांना शिकवलं होतं. पण तहानलेला माणूस पाणी गाळून पीत नाही. अख्खी गाडी त्यानं करडी केली, वर पिवळ्याचे हात दिले, आणि गुणगुणत घरी गेला.

सकाळी कल्लाप्पा हातोडा खांद्यावर टाकून गाडीभोवती फिरला. "एन् अण्णा, काय हे? काविळीची गाडी आहे का? दार हिरवट पडलंय. डिकी बरीय, बॉनेट मात्र शेवाळलंय. खाली पांढराच मारलास ना?"

"तू तुझा पत्रा बडव."

कल्लाप्पानं एरवी चार शब्द परत दिले असते. या खेपेस तो उमाकांतच्या तोंडाकडे बघत राहिला आणि गप्प निघून गेला. ते उमाकांतला शिव्यांपेक्षा जास्त लागलं. त्यानं आणखी हात मारले, मग आणखी, जाड जाड. कुठं हिरवट उरलंय ते दिसत नव्हतं, म्हणून सगळीकडेच मारले. दाराच्या खालच्या अंगाला ओघळ आले. ते बोटांना लागले तेव्हा कळले.

पूजेच्या आदल्या दिवशी अनुसूयाबाई हत्यारं धुवायला आल्या. गाडीपुढं थबकल्या. "अहो, हे काय? लिंबाला बुरशी यावी तसं?"

"वाळलं की बसेल."

"कुठलं बसेल? हे दार बघा, हे मडगार्ड बघा. दोन गाड्या जोडल्यासारख्या दिसतात!" त्यांनी नवऱ्याकडे बघितलं. तो मडगार्डकडे बघत होता, पण दाखवलं त्या जागेकडे नाही. बाईंनी पदराचं टोक तोंडाशी नेलं. "वरण," त्या एवढंच म्हणाल्या. "अहो, ते वरण..."

"हळू. कल्लाप्पा ऐकेल."

बाईंनी गन धुतली, कॉम्प्रेसर पुसला, दोन्हींना कुंकू लावलं. पूजेत बसलेल्या हत्याराला पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही, ही त्यांच्या घरची शिस्त. आता गाडी आहे तशीच व्याह्यांपुढं उभी राहणार होती.

"आज फोन करून सांगा त्यांना," त्या म्हणाल्या.

"काय सांगू? की तुमच्या सुनेचा बाप आंधळा झाला?"

बाईंनी कुंकवाची डबी मिटली.

दुसऱ्या दिवशी शेडला केळीचे खांब लागले, कोहळे फुटले. कृष्णमूर्तीराव जरीकाठी धोतर नेसून आले, बरोबर दिव्यश्री. फियाटपुढं ते क्षणभर उभे राहिले, आणि मग मोठ्या आवाजात म्हणाले, "वा! वा राव! भंडारा, अगदी भंडारा!"

तो आवाज जरा जास्तच मोठा होता. गाडी खरंच बरी झालीय, की व्याही व्याह्याची अब्रू झाकतोय? आजवर उमाकांतचं स्तुतीवाचून काही अडलं नव्हतं, स्वतःच्या डोळ्यांनी बघून तो मनात हिशेब करी. आज बघायला काही नव्हतं. तो लेकीकडे वळला.

"दिव्या, तू सांग. कशी झालीय?"

दिव्यश्रीनं सासऱ्यांकडे बघितलं. मग आईकडे. "छान... म्हणजे उन्हात जरा... छान आहे, अप्पा."

लहानपणी शेडमध्ये खेळताना हीच पोर ओरडायची, 'अप्पा, इथं राहिलं! अप्पा, तिथं राहिलं!' आता तीही झाकायला शिकली होती. आणि झाकायचं कसं, ते बापानंच तर शिकवलं होतं.

"व्याही," उमाकांत म्हणाला, "गाडी आज न्यायची नाही. ही खराब झालीय. खाली करडा मारलाय मी. मला दिसत नाही. पांढऱ्यावर पिवळं मला दिसत नाही."

पलीकडं कल्लाप्पाच्या हातातला नारळ हातातच राहिला. कृष्णमूर्तीरावांनी तोंड उघडलं, बहुधा गुडघ्यांची गोष्ट सांगायला, पण सुनेचा चेहरा बघून मिटलं. अनुसूयाबाई म्हणाल्या, "पूजा उतरली की सगळं घासून काढू. पांढरा मारू. पिवळ्याचा हात हे देतील, कुठं राहिलं ते मी सांगेन. आणि गाडी झाली की डॉक्टर. साखर आधी बघू म्हणतील, तर बघू."

"येसाजीअण्णाचं..." उमाकांतनं सुरुवात केली.

"ठाऊक आहे," बाई म्हणाल्या. बाईही घाबरल्या होत्या. आवाजावरून लेकीला कळलं, नवऱ्यालाही.

गाडी न नेता व्याही जेवायला थांबले. शेडमध्येच पानं मांडली. बाहेर कल्लाप्पा येणाऱ्याजाणाऱ्याला काय सांगत होता कोण जाणे. यावेळी म्हणे तो काहीच सांगत नव्हता, पण त्यावर विश्वास ठेवणारा तिथं एकही नव्हता. भात वाढला गेला. उमाकांत पानाकडे बघत बसला. हात भातावर नेला, पण टेकवला नाही.

"अगं," त्यानं सगळ्यांदेखत विचारलं, "वरण वाढलंस का?"

कुणीही हसलं नाही.

"वाढलंय," बाई म्हणाल्या. "भाताच्या तुमच्याकडच्या बाजूला आहे. सावकाश, गरम आहे."