डोकं, धड आणि शेपूट

दाजींइतका संताप आणणारा माणूस अख्ख्या सोलापुरात दुसरा नसेल. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. गिरणीत मागावरचे उभे धागे संपले की नव्या धाग्यांची टोकं जुन्यांना गाठ मारून जोडायची, हे त्यांचं काम. हाताला अशी खोड लागलेली की घरी आल्यावरही ते काहीही कशालाही जोडत बसत. सातवीनंतर इंग्रजी ते स्वतःच्या हिकमतीनं शिकले होते, आणि त्यांच्या मते त्यातलं मर्म एकच: शब्दाला डोकं असतं, धड असतं आणि शेपूट असतं. आमटी अळणी झाली की ते ‘अन-मीठ’ म्हणत, आणखी भाकरी हवी असली की ‘री-भाकरी’. अक्का हसत वाढायची. मला हसू येत नसे. बहात्तरच्या दुष्काळानंतरच्या वर्षी मॅट्रिकला इंग्रजीत नापास होऊन मी मोहोळहून ऑक्टोबरच्या परीक्षेसाठी त्यांच्याकडे आले होते. ‘‘या खेपेला नापास झालीस तर नर्सिंगचं नाव काढायचं न्हाय,’’ असं वडिलांनी बजावलं होतं.

परीक्षेला महिना उरला असताना एका दुपारी पाहते तो दाजी ओट्यावर बसून माझी डिक्शनरी कातरत होते. माझी कसली, शाळेतल्या बाईंनी विश्वासानं दिलेली. पुढ्यात तीन डबे. एकात डोकी, एकात धडं, एकात शेपट्या.

‘‘दाजी, पानाच्या मागंबी शब्द होते की,’’ मी रडकुंडीला येऊन म्हणाले.

‘‘असू देत. कापडाची उलटी बाजू कोण बघतंय? बस हितं.’’

आता बाईंना तोंड दाखवायची सोय उरली नव्हती. त्या दिवसापासून मी त्यांना दाजी म्हणणं सोडलं. पण डिक्शनरी गेल्यावर डब्यांशिवाय माझ्याकडे होतं काय? गिरणीतली पाळी संपवून ते यायचे आणि चिठ्ठ्या मांडायचे. ‘हॅपी’च्या पुढे ‘अन’, मागे ‘नेस’, जमलं. मग ‘बुक’ला ‘अन’ लावायचे. असा शब्दच नाही म्हटलं की चिडायचे. ‘‘का न्हाय? गाठ तर बसली की. मग कंचा हाय, तू सांग.’’ त्यांना खोटं पाडायचं एवढ्याच ईर्ष्येनं मी दात-ओठ खात शेकडो शब्द पाठ केले.

पेपरात हातभर लांबीचा एक शब्द आला, जन्मात न पाहिलेला. मी रागारागानं त्याचं डोकं उडवलं, शेपूट तोडलं. उरलेलं धड ओळखीचं निघालं. काठावर का होईना, पास झाले.

पण बाईंपुढे मान खाली घालून उभं राहावं लागलं, तो राग गेला नाही. नर्सिंगला निघाले तेव्हा दाजी पाळी बदलून स्टँडवर आले, ट्रंक टपावर चढवली आणि खिडकीशी उभे राहिले. ‘‘लई शिक,’’ म्हणाले. घरात मी सगळ्यांना वाकून नमस्कार केला होता, फक्त त्यांना नाही. गाडी सुटेपर्यंत मी दुसरीकडे पाहत बसले.

पुढे पेशंटांच्या कागदांवरची आजारांची लांबलचक नावं मी भराभरा वाचायचे. बाकीच्या मुली मला विचारायला यायच्या. हे दाजींना जाऊन सांगायचं, असं दर सुट्टीत ठरवायचे आणि राहून जायचं. शेवटी गेले ती तार आल्यावर. तेव्हा वाकले. त्यांचे पाय गार होते, आणि मला माझाच इतका राग आला की रडूही येईना.