फाटकावरचं ऊन

पवनानगरहून धरणाच्या कडेने जो रस्ता जातो, त्याच्या दोन्ही अंगांना बंगले आहेत, पण बंगल्यांत माणूस नाही. शनिवार-रविवारी असतात म्हणा. तेव्हा गाड्या लावायला जागा पुरत नाही आणि गाण्यांच्या दणदणाटाने गुरं बिथरतात. सोमवारी सगळं चिडीचूप. मग त्या रस्त्याला उरतात ते एकेका बंगल्याचे केअरटेकर. हा शब्द आता मावळात इतका रुळलाय की पोरीला स्थळ बघतानाही विचारतात, मुलगा शेती बघतो की केअरटेकर आहे?

गोरख दळवी असाच एक केअरटेकर. फरक एवढाच की त्याच्या बंगल्यावर शनिवारीही कुणी येत नसे. बंगला बांधला तळेगावच्या त्र्यंबकरावांनी, निवृत्तीनंतर पाण्याकाठी राहायचं म्हणून. थोडे दिवस राहिले आणि गेले बिचारे. त्यांच्या पत्नी इंदिराबाई शाळेत शिक्षिका होत्या. सगळं तळेगाव त्यांना बाई म्हणतं, म्हणून गोरखही बाईच म्हणे. गुडघे गेल्यापासून बाई आपल्या फ्लॅटमधून खालीसुद्धा उतरत नव्हत्या, धरणापर्यंत कुठून येणार? मुलगा श्रीयश कॅनडात. तो बंगला विकू देईना आणि येऊन राहीनाही.

तर गोरखने करायचं काय? झाडलोट करायची, आंब्याच्या कलमांना पाणी घालायचं, अधूनमधून गाद्या उन्हात टाकायच्या. ज्या गाद्यांवर कुणी झोपत नाही त्या झटकताना काय वाटतं, असं गोरखला विचाराल तर तो म्हणेल, "वाटायचंय काय? धूळ उडती." पण वाटायचं. फार एकटं वाटायचं त्याला. त्याची बायको नंदाबाई लेकाकडे चाकणला गेली होती, नातवाला सांभाळायला. दोन महिन्यांसाठी म्हणून गेली आणि नातू आता बालवाडीत जायला लागला. तिचा फोन यायचा रविवारी. त्यात निम्मा वेळ नातूच फोन ओढायचा. गोरखचं बोलणं तोंडातच राहायचं. फोन ठेवल्यावर तो ते कलमांना सांगायचा.

श्रीयश दिवाळीला आला तेव्हा त्याने फाटकाच्या खांबावर एक सेन्सर बसवून घेतला. काड्यापेटीएवढी काळी डबी आणि तिला एक बारीक भिंग. ती डबी आपला उजेड सोडते. तो डोळ्यांना दिसत नाही, पण समोर कुणी आलं की त्याच्यावर आपटून परत येतो, आणि डबीला कळतं की माणूस आला. लगेच तिकडे तळेगावात बाईंच्या मोबाइलवर घंटी. श्रीयश हे सगळं समजावून विमानात बसला.

त्यानंतर रोज दुपार कलली की घंटी वाजायला लागली. बाई फोन करायच्या, "गोरख, फाटकावर कोण आलंय रे?" गोरख पायात वहाणा सरकवून धावत जायचा. रस्ता मोकळा. "कुणी न्हाई, बाई." दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी त्याने डबीकडे नीट बघितलं, तर भिंगावर लख्ख ऊन पडलेलं.

"बाई, ऊन आलंय," गोरखने सांगितलं.

बाई खुदकन हसल्या. "मग चहा विचार त्याला."

झालं, तेव्हापासून त्या उन्हाचा नेमच पडला. बाई विचारायच्या कोण आलंय, गोरख सांगायचा ऊन, आणि ते भिंगावरून सरकेपर्यंत दोघं बोलत बसायची. कुठल्या कलमाला मोहोर धरलाय, बाईंच्या सोसायटीची लिफ्ट कशी बंद पडली, त्र्यंबकराव कुठल्या पायरीवर बसून चहा प्यायचे. एकदा बाई म्हणाल्या, "गोरख, आज दिवसभरात माझ्या तोंडून निघालेला हा पहिला शब्द." गोरखला म्हणायचं होतं, माझ्याबी. पण मालकिणीला असं कसं म्हणणार? तो म्हणाला, "व्हय बाई, वारं लय सुटलंय आज."

पुढे गोरखचा प्रामाणिकपणा आडवा आला. शेजारच्या बंगल्याचा केअरटेकर सीताराम येताजाता चिडवायचा, "तुझं फाटक लय खोटं बोलतंय की रं!" आपल्या राखणीतली वस्तू बिघडलेली राहावी, हे गोरखला बरं वाटेना. त्याने नारळाची अर्धी करवंटी घेतली आणि भिंगाच्या वर छपरासारखी तारेने बांधली. ऊन डोळ्यांवर आलं की कपाळाला हात आडवा धरतो, तसं. बांधून झाल्यावर तो दुपारभर पायरीवर बसून राहिला, आणि जसजशी वेळ जवळ आली तसा तो सारखा फोन काढून बघायला लागला. आता नाही वाजला फोन तर? फोन वाजला. गोरखला इतका आनंद झाला की आपण ही करवंटी कशासाठी बांधली होती हेच तो विसरला.

पण बाईंनी कौतुकाने ही उन्हाची गोष्ट लेकाला सांगितली. श्रीयश मुलगा चांगला, आईची काळजी करणारा. त्याला त्यात एवढंच दिसलं की आईला रोज दुपारी उगाच उठावं लागतं. काळजी करणाऱ्या माणसांचं हे असंच असतं, विचारत म्हणून नाहीत. त्याने परस्पर तळेगावहून सेन्सरचं काम करणारी मुलगी पाठवली. तिचं नाव सई.

सईने करवंटी बघितली आणि तिला हसू आवरेना. "काका, छप्पर झकास केलंय. पण उजेड वरून येतच नाहीये." तिने भिंगाच्या खाली तळहात धरला. हाताच्या खालच्या अंगावर उजेड थरथरत होता. धरण भरलेलं, पाणी कुंपणापर्यंत आलेलं. कलतं ऊन त्या पाण्यावर आपटून खालून वर येत होतं आणि डबीला वाटत होतं, आपलाच उजेड कुणाच्या तरी अंगावरून परत आला.

तिने डबीच काढली आणि दुसरी बसवली. तिचं तोंड पाण्यापासून फिरवून रस्त्याकडे केलं, भिंगावर काळपट लाल काच लावली आणि पुढे पाइपचा बोटभर तुकडा बसवला. पाइप आतून काळा, तोही बिनचकाकीचा. चकाकी असली तर तीच उजेड आत घेते, म्हणाली. "आणि ही डबी काका, आपला उजेड एका ठेक्यात सोडते. परत आलेल्या उजेडाला तोच ठेका असला तरच त्याला आपला मानते. बाकी कितीही ऊन येऊ दे, ती ओळखच देणार नाही."

"म्हंजी आता उन्हानं घंटी न्हाई व्हायची?"

"नाही."

"अजाबात?"

"गॅरंटी आहे, काका."

"ताई," गोरख जरा घुटमळला, "थोडी कसर ऱ्हाऊ द्या की."

सईला वाटलं, काका थट्टा करतायत. ती हसली, चहा प्यायली आणि स्कूटर काढून निघून गेली.

त्या दिवसापासून फोन गप्प झाला. गोरख तो खिशात घालून हिंडायचा, रेंज आहे ना बघायचा. आपण होऊन फोन करावा, असं मनात यायचं. पण या रस्त्याचा एक दंडक आहे: कामाशिवाय मालकाला फोन करायचा नाही. केअरटेकरचा फोन आला म्हणजे पंप जळाला, नाहीतर चोरी झाली. उगाच बाईंच्या छातीत धस्स व्हायचं. आणि बाई? त्याही कारणाशिवाय दुसऱ्याला त्रास देणाऱ्यांतल्या नव्हत्या. दोघांनाही रीत सोडवेना, आणि दोन्हीकडे शुकशुकाट.

एका दुपारी गोरख फाटकाशी उभा होता. समोर सगळं पाणी नुसतं झळाळत होतं, डोळे उघडवत नव्हते, आणि डबी आपली ढिम्म. त्याला संताप आला. "एवढा उजेड पडलाय, आन् तुला दिसत न्हाई?" तो तिच्यावर ओरडला. मग त्याने सीताराम कुठे बघत नाही ना याची खात्री केली, फाटक उघडून रस्त्यावर गेला आणि मागे फाटक लावून घेतलं. सदरा सारखा केला. आणि पाहुण्यासारखा डबीसमोर जाऊन उभा राहिला.

खिशातला फोन वाजला.

"गोरख! अरे, फाटकावर कोणीतरी आलंय! कोण आहे?" बाईंना धाप लागली होती. मोबाइलपर्यंत लगबगीने आल्या असणार. त्या आवाजातली आशा गोरखला लगेच कळली. हे काय करून बसलो आपण, असं झालं त्याला.

"ऊन हाय, बाई," तो कसाबसा म्हणाला.

"ऊन नाही. आता उन्हाला वाजत नाही, सईने मला सांगितलंय. खरं सांग, कोण आलंय?"

लपायला जागाच उरली नव्हती. नोकरी गेली तर गेली.

"मी हाय, बाई. मीच आलोय."

"तू? तू तर आतच असतोस ना?"

"भायेर आलो."

"कशाला?"

"घंटी वाजावी म्हनून," गोरख म्हणाला. "लय दिस झालं, तुमी इच्यारलं न्हाई कोन आलंय."

पलीकडे बाई खुर्ची ओढून बसल्याचा आवाज आला.

"गोरख," बाई म्हणाल्या, "उद्या येशील का रे?"