न रडण्याची तयारी

नर्सिंगच्या मुलाखतीत पहिला प्रश्न ठरलेला असतो, असं मला सगळ्यांनी सांगितलं होतं. नर्स का व्हायचंय? प्रश्न एक आणि माझ्याकडे उत्तरं तीन, तिन्ही दुसऱ्यांची. वणीला कोळशाच्या ट्रकवर असलेला माझा मोठा भाऊ फोनवर म्हणाला, सेवा हा शब्द कुठंतरी घालच. कॉलेजच्या सरांनी कागदावर लिहून दिलं की मला लहानपणापासून रुग्णसेवेची ओढ आहे. आशा वर्कर असलेली मावशी म्हणाली, सरळ सांग, नोकरी लवकर लागते म्हणून. माझं स्वतःचं उत्तर शोधायला बसले की डोकं गरगरायचं. बारावीला बायोलॉजी होतं, डॉक्टरकीला मार्क कमी पडले, एवढीच खरी हकीकत होती आणि ती सांग असं कोणीच म्हणत नव्हतं.

यवतमाळच्या एका नर्सिंग कॉलेजात थोड्या जागा मुलाखत घेऊन भरायच्या होत्या. त्यातली एक मला मिळाली नाही तर उन्हाळ्यात माझं लग्न होणार होतं. दिग्रसकडचं स्थळ होतं, मुलगा वाईट नव्हता, मलाच नको होता. बा म्हणाला होता, एवढं एक वर्ष तुझं, मग माझं ऐकायचं. बा शब्दाचा पक्का. त्यामुळे धाबं दणाणलेलं होतं.

त्यात बोलायचं कोणत्या भाषेत, हा वेगळाच घोळ. आमच्या बंजारा तांड्यात गोर बोली, बोरी अरबच्या बाजारात वऱ्हाडी, पुस्तकात पुस्तकातली मराठी, आणि मुलाखतीत म्हणे इंग्रजी. आरशासमोर उभी राहिले की एकाच वाक्यात चारही यायच्या. तांड्यातली माणसं इथे जे बोलतात ते खरं गोर बोलीतलं आहे. सगळ्यांना कळावं म्हणून मी ते वऱ्हाडीत लिहिते आहे.

शेवटी मला बोरीतल्या एक निवृत्त सिस्टर भेटल्या. सरकारी दवाखान्यात त्यांची सगळी नोकरी झालेली, त्यांच्या हातची सुई अर्ध्या तालुक्याने टोचून घेतलेली. रोज दुपारी त्या मला समोर खुर्चीत बसवायच्या. उत्तरं त्यांनी बाजूला ठेवली. त्यांचं म्हणणं, तुले पाहूनच ते ठरवतात. पाठ सरळ, हात मांडीवर, आणि डोळ्यांत पाणी नाही. मी पटकन रडणारी आहे, हे त्यांनी पहिल्याच दिवशी ओळखलं. मग त्या मुद्दाम दवाखान्यातल्या एकेक वाईट गोष्टी सांगायच्या, जळालेल्या बाईची, बाळंतपणात गेलेल्या पोरीची, आणि माझ्या तोंडाकडे बघत बसायच्या. रडू आलं की श्वास मोजायचा, समोरच्याची नाडी धरायची, हाताला काम द्यायचं. आठवडाभरात मला ते जमायला लागलं. एवढी एकच गोष्ट नक्की जमते आहे असं वाटत होतं.

मुलाखतीला आठ दिवस उरले असताना तांड्यातले काका वारले. सख्खे नव्हते, आमच्यापासून तिसरं घर. सकाळी शेतात गेले आणि तिथेच छाती धरून बसले. बाला पेरणीतून सवड नव्हती तेव्हा प्रवेश परीक्षेला मला मोटरसायकलवर यवतमाळला त्यांनीच नेलं होतं. पेपर संपेपर्यंत गेटसमोर डबा घेऊन बसून राहिले आणि येताना सगळ्या रस्त्याने मला पेपरातले प्रश्न विचारत आले, जसं काही उत्तरं त्यांना येत होती.

आमच्यात मयताच्या घरी बाई गेली की घरची बाई तिच्या गळ्यात पडते आणि दोघी सुरात रडतात. रडता रडता गेलेल्या माणसाशी बोलायचं असतं. कोण आलं ते त्याला सांगायचं, त्याचं-तिचं काय नातं होतं ते सांगायचं. मी लहानपणापासून हे बघत आले, माझ्याही गळ्यात कितीतरी जणी पडल्या. त्या दिवशी याडीच्या, म्हणजे आईच्या मागे मी गेले. काकी माझ्या गळ्यात पडली आणि तिने सूर धरला, ऊठ, तू जिले पेपरले नेलं ते पोरगी आली, इचार तिले.

मला आतून भडभडून आलं. आणि मी श्वास मोजायला लागले. काकीचे हात गळ्यातून सोडवले, तिची नाडी धरली, ती फार जोरात चालली होती. तिला भिंतीला टेकवून बसवलं, आतून साखरपाणी करून आणलं आणि तिच्या ओठांना लावलं. काकीचा सूर मधेच तुटला. ती माझ्याकडे बघत राहिली. बाकीच्या बायाही बघत राहिल्या. मला तेव्हा वाटलं, मी छान केलं.

संध्याकाळी भाकरी थापताना याडी एवढंच म्हणाली, "ते तुह्या गळ्यात पडली अन् तू तिले एकटी पाडलं."

दुसऱ्या दिवशी सिस्टरांना सांगितलं तर त्यांनी माझी पाठ थोपटली. याडीचंही पटत होतं, सिस्टरांचंही पटत होतं. उरलेले दिवस मी ना धड उत्तरं पाठ केली, ना धड दुःख केलं. काकीच्या घरावरून जायचं टाळायला विहिरीकडून लांबचा फेरा घ्यायची. लाज कशाची वाटते आहे तेही कळत नव्हतं.

मुलाखतीत समोर तिघं होते. नर्स का व्हायचंय याला मी तिन्ही उत्तरं एकात एक घालून दिली, एक सर हसले. मग मधल्या मॅडमनी मराठीतच विचारलं, पेशंट गेला, त्याची बायको आक्रोश करते आहे, तू काय करशील? याचं उत्तर तयार होतं. धीर देईन, डॉक्टरांना कळवीन. पण तोंडातून निघाली काकीची हकीकत, नाडीसकट, साखरपाण्यासकट, याडीच्या बोलण्यासकट. आणि शेवटी म्हणाले, मी बरोबर केलं का चूक, मला अजून कळलेलं नाही.

कोपऱ्यातले सर म्हणाले, मग तयारी कसली केली तू? मॅडमनी त्यांना हाताने थांबवलं.

"साखर दिलीस. तिला शुगर आहे का, विचारलं होतंस?"

मी नाही म्हणाले.

"आता कशी आहे ती?"

तेही मला माहीत नव्हतं. तिसरं घर, आठ दिवस, आणि मला माहीत नव्हतं. मॅडमनी काहीतरी लिहिलं आणि जायला सांगितलं.

यादी पुढच्या आठवड्यात लागली. माझं नाव त्यात होतं, अगदी तळाशी, आणि बाने दिग्रसला फोन करून नाही म्हणून कळवलं. पण ते नंतर. त्या दिवशी एसटीत सगळं हातचं गेलं असंच मला वाटत होतं. तांड्यावर उतरले ती घरी न जाता सरळ काकीकडे गेले.

काकी ओसरीवर बसली होती. चेहरा उतरलेला, ओठ कोरडे, शेजारी पाण्याचा तांब्या. मी धाप टाकतच विचारलं, काकी, तुले शुगर हाये का?

"हाये ना. तेव्हाच सांगतलं असतं, पन तू इचारलं नाही."

मग गोळ्या कुठे आहेत म्हणून विचारलं. तिने फळीवरचा डबा दाखवला. आत गोळ्यांचं एक पाकीट होतं, सगळी घरं फोडलेली. कधी संपल्या विचारलं तर म्हणाली, काका गेल्याच्या दुसऱ्या दिवशी.

"आनल्या काहून नाही?"

"मले नाव कुठं वाचता येते? गोळी तुह्या काकाले माहीत होती. तेच आनत, तेच हातावर ठेवत."

मी पाकीट उलटून नाव वाचलं आणि तिथेच, तिच्या पायाशी, मोठ्याने रडायला लागले. काकीने मला जवळ ओढलं, गळ्यात हात टाकले आणि काकांना हाक मारली.